अडीच बुड्यांचा रंग

पुण्याच्या कॉलेजात पदार्थविज्ञानाच्या तोंडी परीक्षेत मी नापास झालो, हे सोलापूरला घरी सांगायचं होतं. मॅट्रिकच्या पुढे गेलेला घरातला मी पहिलाच. माझे वडील, आबा, तिथल्या भवानी पेठेत हातमागवाल्यांचं सूत रंगवत. मी सुटीवर आलोय हे त्यांनी साऱ्या आळीला कौतुकानं सांगितलं होतं. चार दिवस मी सांगणं टाळत राहिलो. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी मला निळीच्या पिंपापाशी बोलावलं.

"ही सुताची लड तीन बुड्यांची. बुडव, पीळ, वाऱ्याला धर. मग दुसरी बुडी."

दोन बुड्या झाल्या. गिऱ्हाइकानं दिलेल्या नमुन्याच्या जवळ रंग आलासा वाटला, म्हणून तिसऱ्यांदा मी लड जेमतेम भिजवून लगेच वर काढली. वाळल्यावर तिच्यावर पट्टे उमटले.

"ह्ये काय केलंस?"

"थोडाच रंग हवा होता, आबा."

"अडीच बुड्यांचा रंग नसतो, लेका. घ्यायची तर अख्खी, न्हायतर घ्यायचीच न्हाय. कालिजात ह्येच शिकवत्यात की काय?"

मला हसू आलं. माझी परीक्षेतली चूक हीच होती. परीक्षकांनी विचारलं होतं, हायड्रोजनच्या अणूतल्या इलेक्ट्रॉनला खालच्या पायरीवरून पुढच्या पायरीवर जायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्याहून किंचित जास्त ऊर्जेचा प्रकाशकण आला तर? मी म्हणालो होतो, लागेल तेवढी घेईल, उरलेली सोडून देईल.

तसं होत नाही. प्रकाशकण घ्यायचा तर अख्खा, आणि तेवढी ऊर्जा घेऊन उभं राहायला मधे पायरीच नाही.

मी आबांना नापास झाल्याचं आणि का ते, सगळं सांगितलं. ते लड पिळत राहिले. मला वाटतं, ऐकत असावेत.

"मग घेतल्याला उजीड जातो कुटं?"

"इलेक्ट्रॉन खाली उतरताना परत देतो. एकदम उतरला तर घेतला तेवढा, थांबत थांबत उतरला तर तुकड्यांनी. प्रत्येक उतरणीचा रंग ठरलेला."

"आमच्या सुतानं रंग परत दिला तर गिऱ्हाईक मला पिंपात बुडवंल की."

दोघंही हसलो. मग त्यांनी विचारलं, "परीक्षा पुन्ना कवा हाय?"

"ऑक्टोबरात."

"त्या मास्तरानं ह्येच इचारलं तर?"

"प्रकाशकण जुळला तर अख्खा घेईल. नाहीतर घेणारच नाही."

त्यांनी पट्टे पडलेली लड माझ्या हातात दिली. "आळीला काय सांगायचं त्ये मी बघतो. तू ही बुडव. या खेपेला पुरी."