शेजारणीचं लुगडं

मी चौथीपर्यंत शिकलो. लेखकबिखक नाही. बायको गेली त्याला महिना झाला, अन् त्या प्रोफेसरची किळस पुन्हा वर आली, म्हणून लिहितो.

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्याला दोन-तीन वर्षं झाली होती. आम्ही भातकुलीकडे राहायचो. अमरावतीच्या कॉलेजातले एक प्रोफेसर गळ्यात कॅमेरा घालून आले. दलित साहित्य आणि जातीवरचे सिनेमे, यावर त्यांचं पुस्तक चाललं होतं. आमच्या खाटेवर बसून म्हणाले, "सिनेमात गोऱ्या नट्यांना फाटकं नेसवतात. सगळं खोटं! मला खरी बाई दाखवायचीय."

बायको हरखली. तिचा फोटो कधी निघालाच नव्हता. दीक्षेचं पांढरं लुगडं नेसून, केस विंचरून दारात उभी राहिली.

प्रोफेसरांनी तोंड वाकडं केलं. "हे नको बाई. फाटकं असेल ते नेसा."

"फाटकं नाही जी. सारी शिवून घेतली मी."

"मग कुणाचं तरी आणा. आधी त्यातला फोटो काढू, मग पांढऱ्यातला तुमच्यासाठी."

त्या आशेवर तिनं शेजारणीचं, गोधडीत घालायला ठेवलेलं लुगडं मागून आणलं. त्यांनी तिला उकिरड्यापाशी बसवलं. केस विसकटायला लावले. हसू नका म्हणाले. खटाखट फोटो काढले. ती पांढरं नेसून येते तोवर कॅमेरा पिशवीत गेला होता. म्हणे, रोल संपला.

"आमच्या फाटक्यातच संपला का जी?"

ते हसले. वर मला म्हणतात, "बोलकी आहे हो तुमची बाई!" थू!

पुढे मी अकोल्याला कापसाच्या जिनात कामाला लागलो. तिथं एका मास्तरांनी ते पुस्तक दाखवलं. फोटोखाली छापलं होतं, 'वऱ्हाडातील खरी दलित स्त्री'. नाव नाही, गाव नाही. घरी नेलं. तिनं बराच वेळ पाहिलं.

"शेजारणीले सांगा, तिचं लुगडं पुस्तकात गेलं म्हना."

एवढंच. मग जन्मभर ती कोण्या कॅमेऱ्यापुढे उभी राहिली नाही. लेकीच्या लग्नातही पदर तोंडावर.

परवा लेकीनं पेटीत पडलेल्या त्या पुस्तकातलं तेच पान फ्रेम करून आणलं, हार घालून भिंतीला लावलं. "बाबा, मायचा दुसरा फोटोच नाही ना."

मी खिळ्यावरून उतरवला.

"तुह्या मायले मयतीच्या दिशी पांढरं नेसवून तूच धाडलं. मंग हे कोन हाये?"