मुठीची दवंडी

महाराष्ट्र राज्य नवीन होतं आणि जिल्हा परिषद त्याहून नवीन. त्या काळात मी अमडापुरात एका साप्ताहिकाचा बातमीदार होतो. बाजारभाव, पाऊसपाणी, विहिरीत पडलेलं जनावर, सभा आणि सत्कार, एवढं मी पाठवत असे. संपादकांनी पहिल्याच भेटीत मला एक गोष्ट सांगितली होती. बातमीत जितक्या माणसांची नावं, तितके अंक जास्त खपतात. ही गोष्ट खरी होती, म्हणूनच पुढचं सगळं घडलं.

बाजाराच्या मागच्या गल्लीत मुलींचं एक बोर्डिंग होतं. दोन खोल्या, पुढे ओसरी, मागे चूल. ज्या खेड्यांत शाळा चौथीपुढे नव्हती तिथल्या मुली इथं राहून सातवीपर्यंत शिकत. सगळ्या जातींच्या मुली एका पंगतीत जेवत. बोर्डिंग सांभाळणाऱ्या बाई वर्ध्याकडून आलेल्या होत्या. आवाज करडा, पातळ नेहमी पांढरं. संस्थेची समिती होती, पण तिचा हात खोल्यांचं भाडं आणि रॉकेल यापलीकडे पोचत नसे. जेवण मुठीवर चालायचं.

मूठ म्हणजे अशी. कबूल केलेल्या घरात चुलीजवळ एक गाडगं असे. दळणाला ज्वारी काढताना घरची बाई त्यातली एक मूठ गाडग्यात टाकी. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डिंगच्या दोन मुली पिशवी घेऊन फिरत आणि गाडगी रिकामी करून आणत. यासाठी कोणी कधी सभा घेतली नव्हती. एका घरची सून दुसऱ्या घरच्या सुनेला सांगे, आणि आणखी एक गाडगं मांडलं जाई.

त्या वर्षी माघ संपताना बाईंनी मला बोलावलं. मुली वाढल्या होत्या, मुठी पुरत नव्हत्या. सातवीची परीक्षा चैत्रात होती. तोवर सगळ्याच मुलींना ठेवून घ्यायचं तर आणखी घरं जोडायला हवी होती. बोर्डिंगचं काम गावाला कळेल असं काहीतरी करा, असं त्या म्हणाल्या. पत्रकं छापायला चिखलीच्या छापखान्यात द्यायला पैसे नव्हते. टुरिंग टॉकीजवाला मध्यंतरात पडद्यावर जाहिरातीची काच दाखवायला तयार होता, पण फुकट नाही. आमचं साप्ताहिक गावात मोजक्या घरी आणि न्हाव्याच्या दुकानात येई. उरली दवंडी. दवंडीवाल्याची भाची बोर्डिंगात पाचवीला होती, त्यामुळे तो काही घेणार नव्हता.

नुसतं मदत करा म्हटल्यानं कोणी थांबून ऐकत नाही, देणाऱ्यांची नावं घेऊ या, हे मी सुचवलं. बाईंना ते लगेच पटलं. त्या एकेक दार आठवून सांगत गेल्या: कुंभाराच्या बोळातलं तिसरं, वेशीजवळचं परसदार. मी प्रत्येक दारापुढे घरमालकाचं नाव घातलं. गावात घर मालकाच्या नावानं ओळखतात. दुसरं काही करता येईल, हे आम्हा दोघांच्याही मनात आलं नाही.

बाजाराच्या दिवशी दुपारी दवंडी फिरली. दवंडीवाला तोंडाचा गोड होता. पोरींच्या बोर्डिंगले मूठ देणारी ही घरं ऐकून घ्या, म्हणत तो एकेक नाव घेई, डफड्यावर थाप मारी आणि पुढे सरके. परिणाम तिथल्या तिथे दिसला. कांदेवाल्यानं शेजारच्या मिरचीवाल्याला डिवचलं, "काऊन बे, तुह्यं नाव नाही आलं? का मूठच उघडत नाही तुही?" मिरचीवाल्यानं तिथूनच एक पायली ज्वारी कबूल केली. एका किराणा दुकानदारानं दवंडीवाल्याला थांबवून स्वतःचं नाव दोनदा घ्यायला लावलं. संध्याकाळपर्यंत बोर्डिंगच्या ओसरीवर ज्वारीची तीन पोती उभी होती.

त्या दुपारी आणखी एक गोष्ट घडली. वेशीजवळच्या परसदाराचे मालक स्वतःच्या मळ्यातली वांगी घेऊन बाजारात बसले होते. गावात मान असलेले, पंगतीच्या बाबतीत कडक. त्यांचं नाव पुकारलं गेलं तेव्हा समोरचं गिऱ्हाईक हसून म्हणालं, "मालक, तुमची ज्वारी आता कोणाकोणाच्या पंगतीले चालते, मालूम हाय का?" मालकांनी वांगी तोलून दिली, तागडी खाली ठेवली आणि ते माझ्याकडे आले. रागावलेले दिसत नव्हते.

"पेपरवाले, माह्या घरून कोण देते?"

बातमीदाराला माहिती विचारली की तो अचूक सांगतो. धाकट्या सूनबाई देतात, मी म्हणालो. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी, परसदारातून. आणि बोलण्याच्या भरात हेही सांगितलं की बोळातल्या पाच-सहा घरांची गाडगीही सूनबाईच आदल्या रात्री आपल्याकडे गोळा करून ठेवतात, म्हणजे मुलींना दारोदार फिरावं लागत नाही. मला ते कौतुकाचं वाटत होतं.

"बरं झालं सांगतलं," ते म्हणाले आणि पुन्हा जागेवर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी पिशवी घेऊन गेलेल्या मुलींना ते परसदार आतून लावलेलं मिळालं. बोळातल्या घरांतही कोणी बाहेर आलं नाही. त्यानंतरच्या बाजाराला आणखी काही दारं बंद झाली. बहुतेक घरांत मूठ निघते हे पुरुषांना माहीतच नव्हतं. कोणाला पंगत खटकली, कोणाला न विचारता दिलेलं खटकलं. ज्या दोन-तीन घरांनी मान मिळाला म्हणून आनंद मानला, त्यांनीही गाडगं उचलून ठेवलं. आता मालक एकदम पोतं देणार, मुठीचं काय काम. पोती देणारे पुढच्या बाजाराला दवंडी कधी आहे ते विचारू लागले. पुन्हा तीच नावं घेण्यात अर्थ नव्हता, आणि नाव नसेल तर त्यांनाही पुन्हा देण्यात अर्थ दिसत नव्हता. मिरचीवाल्याची पायली शेवटपर्यंत आलीच नाही. तीन पोती फाल्गुनातच संपली.

बाईंनी निर्णय एकटीनं घेतला. सातवीच्या मुलींना परीक्षेपर्यंत ठेवायचं, बाकीच्यांना घरी पाठवायचं. साखरखेर्ड्याकडच्या दोघींना न्यायला बैलगाडी आली. दवंडीवाला भाचीला घ्यायला आला तेव्हा मी ओसरीवर होतो. तिची वळकटी खांद्यावर टाकून तो म्हणाला, "माह्याच तोंडानं झालं हो, साहेब." मी त्याला अडवायला हवं होतं, तोंड त्याचं असलं तरी मजकूर माझा होता. मी म्हटलं, उन्हाचं सांभाळून जा.

मुली गेल्यावर बाई एकदा वेशीजवळच्या परसदारी गेल्या. मीही गेलो, पण कुंपणाबाहेर उभा राहिलो. सून दाराशी आली. पदर कपाळापर्यंत, हात पिठाचे नव्हते. ज्वारीच्या कोठीची किल्ली आता सासूबाईंकडे असते, दळण त्या काढून देतात, असं तिनं सांगितलं. आवाज साधा होता. बाई क्षमा मागू लागल्या तेव्हा तिनं त्यांना मध्येच थांबवलं.

"मूठ माही होती, बाई. मंग नाव मामाजीचं काऊन घेतलं?"

बाईंनी कुंपणाकडे पाहिलं. मग दार लागलं. तिचं नाव घेतलं असतं तरी दार लागलंच असतं, हे मी नंतर अनेकदा स्वतःशी मांडून पाहिलं. त्यानं प्रश्नाचं उत्तर होत नाही.

सातवीच्या सगळ्या मुली पास झाल्या. ती बातमी मी लिहिली, नावांसह, आणि बाईंना दाखवायला नेली. त्यांनी ती वाचून परत दिली आणि बोर्डिंगबद्दल आता काही छापू नका, एवढंच सांगितलं. मी ती पाठवली नाही. पावसाळ्यानंतर काही मुली परत आल्या. दवंडीवाल्याची भाची आली नाही. तिचं लग्न ठरलं होतं.

दिवाळीनंतर बोर्डिंगच्या दोन मुली पुन्हा पिशवी घेऊन फिरताना दिसू लागल्या. कोणत्या घरांनी पुन्हा गाडगी मांडली, हे बाईंनी मला सांगितलं नाही. मी त्या वेळी न्हाव्याच्या दुकानापुढच्या बाकावर वर्तमानपत्र वाचत असे. तिथून वेशीकडचा रस्ता आणि बोळाचं तोंड दोन्ही दिसतात. मुली येण्याची वेळ झाली की मी उठून बाकाच्या दुसऱ्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून बसायचो. न्हाव्यानं एकदा विचारलं, तिकडं उजेड नाही, वाचायले कसं जमते. जमते, मी म्हणालो. मुलींच्या पावलांचा आवाज मागून येई आणि पुढे जाई. पिशवी भरलेली आहे की रिकामी, एवढं मात्र त्यांच्या चालीवरून कळत असे.