रिह्याची डिश

आमच्या धंद्यात किस्से गोळा करावे लागत नाहीत, आपोआप साठतात. पिरंगुटच्या गोडाऊनमागे मोडक्या डिश साठल्यात ना, तसे. कोणी फेकत नाही, कोणी नेत नाही. चहाला चार टाळकी जमली की मी त्यातलाच एखादा झटकून पुढे ठेवतो. मंडळी हसतात. मीही हसतो, हल्ली जरा कमी.

धंदा मोबाइल टॉवरचा. लोकांना वाटतं, टॉवर स्वतःच रेंज तयार करतो. तसं नसतं हो! डोंगरावरच्या टॉवरची एक डिश गावातल्या टॉवरच्या डिशकडे तोंड करून बसलेली असते, आणि दोघींच्या मधून मायक्रोवेव्ह लहरींवर सगळ्या गावाचं बोलणं ये-जा करतं. दोघींची नजरानजर तुटली की गाव मुकं. ती जुळवायची, आमच्या भाषेत लिंक लावायची, हे आमचं काम. वर चढून डिश फिरवणारा सोपान, मुळशीतल्या रिहे गावचाच. खाली मीटरवर आकडा वाचणारा मी.

*

रिह्यात टॉवर आला तेव्हा रेडिएशनवर ग्रामसभा भरली. कोणी म्हणालं चिमण्या गेल्या, कोणी म्हणालं म्हैस आटली. शेवटी सोपानला उभं केलं. "तू रोज त्याच्यावर चढतोस, तुला काय हुतंय?"

"गुडघं दुखत्यात. पर ते शिडीनं!"

मग ठराव झाले. चौथा ठराव : गावातला टॉवर तातडीने हटवावा. पाचवा ठराव : गावात रेंज कमी येते, ती तातडीने वाढवावी! दोन्हींचे अनुमोदक एकच, सोपानचे वडील आप्पा.

मी विचारलं, "आप्पा, हे कसं काय?"

"का? दोनातला एक तरी मंजूर हुईल की!"

दोन्ही फायलीत गेले. टॉवर राहिला, रेंजही होती तशीच राहिली.

*

गावाबाहेर पुण्याच्या एका मॅडमचं फार्महाउस आहे. त्यांची तक्रार आली, डिशच्या मायक्रोवेव्हने डोकं दुखतं. आम्ही गेलो. मॅडम किचनच्या दारात उभ्या राहून तावातावाने बोलत होत्या आणि मागे त्यांचा ओव्हन घूंऽऽ करत भाजी गरम करत होता.

सोपानला राहवलं नाही. "मॅडम, डिशमधनं जे जातंय तेच तुमच्या त्या डब्यात गरगर फिरतंय. आन् तितं लई जास्त!"

मी त्याच्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता. पुढच्या आठवड्यात मॅडमनी तक्रार मागे घेतली नाही, ओव्हन काढून टाकला. सोपानलाच दिला!

सोपानने तो आप्पांना नेऊन दिला. आप्पांनी त्यात कधी चहासुद्धा गरम केला नाही. "उंदीर शिरत न्हाई ह्यात," एवढा एकच गुण त्यांना दिसला. चष्मा, तंबाखूची चंची आणि मोबाइल, सगळी इस्टेट त्यात. आता त्या डब्याची रचनाच अशी की आतल्या लहरी बाहेर येत नाहीत. मग बाहेरच्या आत कशा जाणार? सोपानने फोन केला की ठरलेलं उत्तर, संपर्क क्षेत्राच्या बाहेर! "माझा बाप ओसरीवर बसून परदेशात असतो," म्हणायचा.

आमच्यात ती म्हणच पडली. कोणाचाही फोन लागला नाही की, "ओव्हनमध्ये असेल!"

*

एकदा बावधनची लिंक रोज अकराला आणि चारला जायला लागली. वीस मिनिटं जायची, परत यायची. बावधनच्या ऑफिसातले आमचे साहेब केबल बदला म्हणाले, बदलली. रेडिओ बदला म्हणाले, बदलला. सोपान मात्र डिशखाली दोन दिवस नुसता बसून राहिला, जेवणाचा डबा घेऊन. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "भाऊ, ती क्रेन बघा."

समोर बिल्डिंग चढत होती. क्रेनवाला चहाला उतरताना क्रेनचा हात बरोबर आमच्या दोन डिशच्या मधे उभा करून जायचा! आम्ही हात जोडले. तो म्हणाला, "साहब, चाय के टाइम कहीं तो खड़ा करना पड़ेगा!"

साहेबांना कळवलं. साहेबांचा मेल आला, "त्याचा चहा बंद करता येईल का?"

हसा. पण सोपान दोन दिवस बसला होता, हे लक्षात ठेवा.

*

आता रिह्याची डिश बसवली त्या दिवसाचं सांगतो. डिशचा झोत बॅटरीसारखा असतो. मधे लख्ख उजेड आणि त्याच्या भोवती फिकट कडं. मीटरवरचा आकडा मायनसमध्ये असतो, शून्याकडे जितका चढेल तितका सिग्नल तगडा. जुळवताना समोरच्या झोताचं ते फिकट कडं सापडलं तरी आकडा चढतो, आणि नवख्याला वाटतं, झालं काम. म्हणून आणखी फिरवून बघायचं असतं, आकडा पार खाली घसरेपर्यंत. पुढे लख्ख झोत असला तर आकडा पुन्हा चढतो.

मी नवखा नव्हतो. मेहुण्याचा साखरपुडा होता आणि बायकोचे चार फोन येऊन गेले होते.

वरून सोपान ओरडला, "भाऊ, किती?"

"मायनस एकसष्ट."

"आजून जरा फिरवून बगू का?"

"चालतंय की! बास, घट्ट कर."

साखरपुड्यात जिलेबी संपली होती. इतकी वर्षं मी हा किस्सा जिलेबीवर संपवत आलो.

*

उघडीप असली की रिहं उत्तम चालायचं. पाऊस जोरात आला की लिंक बंद. मुळशीचा पाऊस तो! पावसाने लहरी क्षीण होतात, हे खरंच आहे, त्यामुळे कोणी खोलात गेलं नाही. तक्रार आली की मी रजिस्टरला लिहायचो, "कारण : पाऊस." साहेबही खूश, मीही मोकळा.

आप्पा एकदा टॉवरखाली गाठून म्हणाले, "म्हंजी चार म्हयने आमी बोलायचंच न्हाई व्हय?"

मी म्हणालो, "आप्पा, मनातल्या मनात बोला!"

खूप हसले होते आप्पा. ते हसले नसते तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

*

त्या दिवशी आम्ही लवळ्यात होतो, कॉलेजच्या टॉवरवर. दुपारी तीनला पाऊस कोसळायला लागला म्हणून कॅन्टीनमध्ये बसलो. सोपानने घरी फोन लावला. लागला नाही. परत लावला.

"आप्पांचा लागंना. सकाळी छातीत जळजळतंय म्हणत हुते. जाऊन येऊ का?"

मी वडापाव खात होतो. म्हणालो, "ओव्हनमध्ये असेल!"

तोही हसला. बसला.

लिंक बंद पडल्याचे मेसेज माझ्या फोनवर आले होते. पावसाळ्यात ते ढिगाने येतात, कोणी उघडत नाही. सहाला आम्ही रिह्यात पोचलो तेव्हा ओसरीवर माणसं जमली होती. आप्पा गेले होते. सोपानची आई तेवढ्या पावसात शेजाऱ्यांचा फोन उंच धरून टेकाडापर्यंत जाऊन आली होती. फोन ओव्हनमध्ये नव्हताच. दुपारपासून आप्पांच्याच हातात होता. त्यात सोपानला लावलेले अकरा कॉल होते, एकही लागलेला नव्हता.

दहाव्याला सोपान मला म्हणाला, "चूक माझीच हो, भाऊ. त्यो डबा मी आणला नसता तर मी उठून आलो असतो."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. आणि ऑफिसात जाऊन त्या दिवसापुढे रजिस्टरला लिहिलं, "कारण : पाऊस." माझ्यासारखा भित्रा माणूस मुळशीत दुसरा नसेल.

*

गेल्या पावसाळ्यात ऑफिसात नवी इंजिनीअर पोरगी आली. तिने सगळ्या लिंकचे आकडे काढले आणि मला फोन केला. "काका, रिह्याला मायनस चाळीस यायला पाहिजे, एकसष्ट कसं येतंय? म्हणूनच पाऊस आला की तुटतेय ही लिंक. बसवताना फिरवून बघितलं नव्हतं का कोणी?"

दुसऱ्या दिवशी सोपान वर, मी खाली. आभाळ भरून आलं होतं.

त्याने बोल्ट सैल केला, डिश डावीकडे सरकवली. आकडा पार खाली घसरला. अजून सरकवली. मग चढायला लागला. साठ, बावन्न, शेहेचाळीस.

वरून हाक आली, "भाऊ, किती?"

मी मीटर बाहीने पुसून परत बघितला.

"भाऊ! किती?"

"चाळीस," मी म्हणालो.

 मग बोल्ट आवळल्याचा आवाज आला. घट्ट करायला मी सांगितलंच नव्हतं.

तो उतरेपर्यंत पाऊस सुरू झाला, असा की समोरचा डोंगर दिसेना. मी शेडमध्ये बोलावलं, आला नाही. भिजत उभा राहिला. पिशवीतून फोन काढला, पावसात स्पीकरवर टाकला आणि आप्पांचा नंबर लावला.

रिंग गेली. तिसऱ्या रिंगला त्याच्या आईने उचलला.

"काय रं सोपाना?"

"काय न्हाई, आये," माझ्याकडे बघत तो म्हणाला. "पावसात लागतुया का, बगत हुतो."