दुर्री सगळ्यांत मोठी

मनमाडहून नाशिकला येणाऱ्या पॅसेंजरमध्ये तो मला एकदाच भेटला. मांडीवरच्या बॅगेवर पत्ते पिसत होता आणि प्रत्येक डावाआधी अंगठा चाटून नवा कायदा काढत होता. "या डावाला दुर्री सगळ्यांत मोठी, एक्का सगळ्यांत लहान!"

मी गणिताच्या पीएच.डी.च्या मुलाखतीला निघाले होते. आमच्या घरातली मी पहिलीच पदवीधर, आणि भीती होती ती गृहीतकांच्याच, म्हणजे सिद्ध न करता मानून चालायच्या गोष्टींच्या, प्रश्नांची.

"दादा, दुर्री मोठी कशी?" मी विचारलं.

"मानली म्हणून, ताई! फक्त एकदा मानल्यावर रडायचं नाय."

पानं वाटली, तर चारही एक्के त्यालाच! अख्खा डबा हसला. "बदल आता कायदा!" सोबती ओरडले. पण त्याने एकेक एक्का जिंकल्यासारखा आपटला, हरला, आणि सगळ्यांत मोठ्याने तोच हसला.

मुलाखतीत सरांनी विचारलं, "समांतर रेषा नसतातच असं मानलं तर?"

"मग त्रिकोणाचे कोन एकशेऐंशीहून जास्त भरतील, सर."

"पटतं तुम्हाला?"

मला हसू आवरेना. "पटायचं काय, सर? मानलंय ना आपण!"

सरही हसले. मला प्रवेश मिळाला. त्या माणसाचं नाव तेवढं विचारायचं राहिलं, नाहीतर पहिला पेढा त्यालाच दिला असता.