पन्नास हजारी कागदावरची रेघ

द्वारका चौकाजवळच्या आमच्या ऑफिसात जुने कागदी नकाशे कॉम्प्युटरवर उतरवायचं काम चालतं. तिथल्या आमच्या मोठ्या मॅडमची एक सवय सुरुवातीला माझ्या डोक्यात जायची. कुणी स्क्रीनवर बोट ठेवून काही विचारलं, की उत्तराआधी त्या विचारायच्या, "मूळ कागद कोणता?" अहो, समोर अक्षांश-रेखांश आहेत, दशांशचिन्हापुढे आकड्यांची माळ लागलीय, आता कागद कशाला उकरायचा? मला त्या आकड्यांचं भारी कौतुक.

एका दुपारी सुरगाण्याकडच्या एक मावशी आपल्या मुलीला घेऊन आल्या. घरकुल मंजूर झालं म्हणून त्यांनी जुनं घर उतरवून टाकलं होतं. आणि आता तालुक्याला कुणीतरी आमचाच नकाशा कॉम्प्युटरवर बघून सांगितलं होतं, जंगलाची हद्द तुमच्या जागेतूनच जाते, इथे बांधता येणार नाही. मायलेकी तेव्हापासून कुडाच्या खोपटात राहत होत्या.

मी फाइल उघडली आणि जवळ जवळ जात राहिले. उपग्रहाच्या फोटोत रिकामा चौथरा दिसला. हद्दीची हिरवी रेघ बरोब्बर त्याच्या मधून गेली होती. "रेघ तर स्पष्ट दिसतेय," मी म्हणाले. मावशींचा चेहरा उतरला.

"कागद कोणता?" मागून प्रश्न आलाच.

कागद पन्नास हजारी निघाला. म्हणजे त्यावरचा एक मिलिमीटर जमिनीवर पन्नास मीटर. मॅडमनी कपाटातून तो काढून टेबलावर पसरला आणि हद्दीच्या रेघेला पट्टी लावली. "ही शाईच अर्धा मिलिमीटर जाड आहे. म्हणजे जमिनीवर पंचवीस मीटर. मावशींचं घर अंगणासकट या शाईत मावतं. आपण या जाड शाईवरून कॉम्प्युटरवर केसाएवढी रेघ ओढली, आणि आता तिलाच खरी मानतोय. आकडा बारीक झाला म्हणून तो बरोबर होत नाही गं."

मावशी कागदावर वाकल्या. "यात मी कुठं हाय?"

"तुम्ही यात नाहीच, मावशी. म्हणून तर तुमच्या घराबद्दल बोलायचा याला अधिकार नाही."

मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. मावशीही हसल्या, "मंग घर माझंच ना?" दुसरं कुणी असतं तर हो म्हणून मोकळं झालं असतं. मॅडम म्हणाल्या, "ते मला अजून ठाऊक नाही. मोजल्यावर सांगेन." बाई समोर आशेने बघत असतानाही त्यांनी खोटा दिलासा दिला नाही. त्यांचं मोठेपण मला तिथे कळलं.

मग गावाचा मोठ्या प्रमाणाचा मोजणी नकाशा मिळवला. त्यावर मिलिमीटरात जेमतेम चार मीटर मावतात. वनखात्याचा माणूस आणि मोजणीचं यंत्र सोबत घेऊन आम्ही पाड्यावर गेलो. हद्दीच्या खुणेला रचलेले छोटे दगडी बुरूज करवंदीच्या जाळीत गुडूप झाले होते. मॅडम साडी खोचून जाळीत शिरल्या, हात ओरबाडून घेतले, पण बुरूज सापडल्याशिवाय यंत्र लावू दिलं नाही. मावशी आमच्या मागे मागे फिरत होत्या. हद्द चौथऱ्याच्या अलीकडे निघून चौथरा जंगलात गेला असता तर जुनं घरही गेलं होतं आणि नवंही.

हद्द निघाली खालच्या नाल्यापलीकडे. वनखात्याच्या माणसाने स्वतः यंत्रात डोकावून मान डोलावली आणि पंचनाम्यावर सही केली. मी सामान आवरायला घेतलं. मॅडम मात्र पुन्हा एकदा मोजून बघत होत्या.

पुढे परवानगी आली आणि पायाची आखणी करायच्या दिवशी मावशींनी आम्हाला बोलावलं. गवंडी चुन्याची फक्की घेऊन पुढे झाला, तर मावशींनी ती त्याच्या हातातून घेतली. "ही रेघ माझी हाय. मीच मारते."

मॅडमनी दोरीचं एक टोक धरलं आणि खाली बसल्या. "मारा. पण सावकाश हं, मावशी. इथे बोटभर चुकलं तरी भिंत चुकेल."