मार्क कमी आले की पेढे

भाचीचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या घरात ज्वारीचं पीठ चाळत होते. "मामी, आई गेली... सकाळी उठलीच नाही." मला रडू आलं नाही, आधी राग आला. खरंच राग आला! चारच दिवसांपूर्वी माझ्या नणंदेनं, शैलावन्संनी, फोनवर मला कामाला जुंपलं होतं. देगलूरला बायकांचा नवा क्लास काढायचा, जागा तू बघ, तेलुगू बोलणारी एखादी बाई गाठ, नाही म्हणायचं काम नाही. एवढं डोक्यावर टाकून कुणी जातं का? आता पंधरा दिवस उलटले, तरी त्यांची आठवण आली की डोळ्यांत पाणी यायच्या आधी माझी धांदलच उडते. त्या होत्याच तशा.

वन्सं लातूरच्या एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवायच्या. तिथं तेव्हा गल्लोगल्ली क्लास निघत होते आणि पोरांच्या मार्कांपायी अख्खी घरं गाव सोडून भाड्याच्या खोल्यांत येत होती. मीही लेकीला घेऊन तशीच गेले, जाताना पोटातलं जुनं दुखणंही सोबत गेलं. ओटीपोटात सतत ओढ, पाळी आली की कळा, फार वेळ बसलं तरी दुखायचं, नवऱ्याजवळ जायची तर धास्तीच. तपासण्या केल्या, त्यात काही सापडत नव्हतं. मग चुलतसासूंसकट घरात सगळ्यांचं एकमत झालं, पोरं झाली, आता पिशवी काढून टाका, कटकट मिटेल. मीही तयार होते. लेकीची परीक्षा झाली की ऑपरेशन, असं ठरूनच गेलं होतं.

एका दुपारी मी वन्संना न्यायला क्लासवर गेले. फळ्यावर त्यांनी काढलेली प्रजनन संस्थेची आकृती तशीच होती, पोरं जेवायला गेली होती. पोरीचा डबा घेऊन आलेली चाकूरकडची सुमन त्या आकृतीसमोर थबकली. "मॅडम, हे समदं माझ्या पोटात बी असंच हाय का?" वन्सं म्हणाल्या, "असंच हाय की." "मंग दुखतंय ते ह्यातलं कुठलं?" वन्संनी खडू उचलून आकृतीच्या तळाशी एक गोल काढला. त्यांना स्वतःलाही वर्षानुवर्षं हेच दुखणं होतं आणि हैदराबादच्या एका फिजिओथेरपिस्टबाईंकडून त्या नुकत्याच त्यावरचे व्यायाम शिकून आल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून दुपारची ती रिकामी खोली आयांची झाली. मालकांना सांगितलं, पालकसभा आहे!

पहिल्याच दिवशी घोळ झाला. वन्सं म्हणाल्या, आपापल्या दुखण्याला दहापैकी मार्क द्या. आता लातुरात मार्क विचारल्यावर कुठली आई कमी सांगणार? पहिली म्हणाली आठ, दुसरी लगेच नऊ. सुमन म्हणाली, "मला दहा द्या मॅडम, मी लई वर्सांपासून सोसून राहिले." शेजारची रुसली, "हिला दहा कशापायी? माझं हिच्यापरीस जुनं हाय." आणि मागून कुणीतरी विचारलं, साडेदहा मिळत्याल का! वन्सं हसून हसून खुर्चीत बसल्या. "बायांनो, लातुरात हा एकच क्लास असा, जिथं मार्क कमी आले की पेढे."

क्लासची एक अट मात्र कडक होती. आधी डॉक्टरांना दाखवून यायचं. अंगावरून जास्त जात असेल, ताप असेल, तर इथं नाही, सरळ दवाखान्यात. ते झालं की शिकवणं. ते कसं, तर एकदम म्हणायच्या, "भूकंप आठवतो?" सगळ्यांच्या माना हलायच्या. "तवा किती दिवस घरात झोपलो न्हाई आपण? पत्र्याखाली, अंग आवळून. ट्रक गेला तरी लेकरं उचलून पळायचो. जमीन कवाच थांबली होती, आपलं अंग थांबलं नव्हतं. पोटाच्या तळाचे स्नायू तसेच आवळून बसलेत. दुखणं खोटं न्हाई. पण दर कळ म्हंजे भूकंप न्हाई." मी तिथंच ढसाढसा रडले. तुझं दुखणं खरं आहे असं इतक्या वर्षांत मला कुणी म्हणालंच नव्हतं. मग सतरंजीवर पडायचं, गुडघे उभे, हात ओटीपोटावर, श्वास सावकाश घ्यायचा आणि सोडताना खालचं सगळं सैल सोडायचं. शेक घ्यायचा, रोज थोडं चालायचं, आणि दुखण्याचा जोर असेल त्या दिवशी घरात तोंडानं सांगायचं की आज स्वयंपाक तुम्ही बघा. हे शेवटचं आम्हाला सगळ्यात जड गेलं.

लेकीची परीक्षा झाली आणि घरची मंडळी ऑपरेशनची तारीख घ्यायला निघाली. वन्संनी मला एकटीला समोर बसवलं. "सुनंदा, माझी पिशवी तिशीतच काढली. घरात कुणी बोलत न्हाई म्हणून तुला ठाऊक न्हाई. पिशवी गेली, दुखणं तिथंच ऱ्हायलं." मी खुर्ची पुढं ओढली. "काढू नको म्हणत न्हाई मी. गरज असंल तर काढावीच. पण गरज हाय का, ते दुसऱ्या डॉक्टरला इचार. चुलतसासूला इचारू नको." मी नांदेडला दुसऱ्या डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी नीट तपासलं आणि म्हणाल्या, काढायचं काहीच कारण दिसत नाही. मी बसस्टँडपर्यंत जवळजवळ पळतच आले! तेव्हा माझे मार्क सात होते. पावसाळा सरता सरता चारवर आले आणि मी पेढ्यांचा पुडा घेऊन लातूरची बस पकडली. वन्संनी पेढा तोंडात टाकला आणि माझ्या पाठीत असा धपाटा घातला की अजून आठवतो.

तेरावं आटोपल्यावर परवा मी त्या खोलीत गेले. कुणाला निरोप नव्हता, तरी सुमनसकट सगळ्या आल्या होत्या, सतरंज्या अंथरून माझ्याकडे बघत होत्या. मी पुढं उभी राहिले. निलंग्याची एक नवीन बाई दाराशीच थांबली होती. तिनं विचारलं, "मॅडमचं दुखणं शेवटाला तरी गेलं का, बाई?" सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. हो म्हणणं फार सोपं होतं...

"न्हाई गेलं," मी म्हणाले. "शेवटच्या दिवशीबी तीन होतं. त्या दिवशी त्यांनी दोन बॅच घेतल्या आन् संध्याकाळी लेकीसंगं जत्रेत आकाशपाळण्यात बसल्या."

"आकाशपाळण्यात?"

"हाव. दोन डाव."

तिनं चपला काढल्या, पदर खोचला आणि पहिल्या सतरंजीवर आडवी झाली.