रामलिंगअप्पाची जादा प्रत

निलंग्याच्या एसटी स्टँडसमोर रामलिंगअप्पाचं झेरॉक्सचं दुकान. सातबारा असो, लग्नाचा बायोडाटा असो की लातूरच्या क्लासच्या नोट्स, सगळं अप्पाच्या मशीनमधून जायचं. आणि अप्पाची एक खोड होती. कागद कामाचा वाटला की गिऱ्हाईक सांगेल त्याहून एक प्रत जादा निघायची अन् टेबलाखालच्या खोक्यात जायची. "कागद कधी वाया जात न्हाई," म्हणायचा. बावीस वर्षं सरावाचे पेपर छापून छापून त्याचं पक्कं मत झालं होतं की, जिचे प्रश्न आधी कुठं मिळत नाहीत अशी परीक्षा देवानं निर्माणच केली नाही. बिचारा स्वतः मात्र दहावीला दोनदा गचकलेला. तेव्हा गावात मशीन नव्हतं ना!

त्याची एकुलती एक लेक वर्षाराणी, आठवीत. पोरगी भलती चलाख. मशीनमध्ये कागद अडकला की अप्पाच्या आधी तिचा हात आत. एकदा ऐकलेलं भाषण शब्दाला शब्द म्हणून दाखवायची. पण पुस्तक समोर धरलं की घामाघूम. अक्षरं जागेवर बसत नाहीत म्हणायची. शाळेतल्या शिल्पा मॅडमनी ते बरोबर हेरलं अन् एक दिवस दुकानातच येऊन बसल्या.

"अप्पा, इथं तपासणीचं शिबिर आहे. बुद्धीची चाचणी घेतील, वाचायला-लिहायला लावतील. पोरगी हुशार आहे पण वाचनात अडचण आहे, असं कागदावर आलं की दहावीला लेखनिक मिळतो, वेळ वाढवून मिळतो. नाही आलं तर मात्र हिचं कठीण आहे. आणि हे बघा, तयारी करून घेऊ नका. आहे तशी पाठवा."

"हाव, हाव," अप्पा म्हणाला. पण एवढ्या बोलण्यातला एकच शब्द त्याच्या डोक्यात शिरला, बुद्धी! बुद्धीच्या परीक्षेत पोरगी पडली तर बाजारपेठेत तोंड कसं दाखवायचं? लोकांनी त्या शिबिराचं नावच ठेवलं होतं, येड्यांची तपासणी. उद्या सोयरीक करायला कोण येईल? आणि 'तयारी करू नका' काय, मास्तर लोक म्हणतातच तसं. त्यांचं ऐकून कुणाचं भलं झालंय?

शिबिराच्या तीन दिवस आधी एक गृहस्थ घाईघाईनं दुकानात आले. "चाळीस प्रती काढा मालक, लवकर." वर शिबिराचं नाव, मधे वाचनाचा उतारा, खाली लिहायला सांगायचे दहा शब्द. अप्पानं कागदाला आधी हात जोडले. देव देतो तेव्हा छप्पर फाडून देतो, ते हे असं! त्यानं एक्केचाळीस काढल्या.

तीन दिवस घरात दुसरा विषय नाही. आई नीलम्मानं उतारा वाचायचा, लेकीनं ऐकायचा. दुसऱ्या वाचनालाच पोरीला पाठ. ते दहा शब्द तर अप्पानं दोनशे-दोनशे वेळा गिरवून घेतले.

"अप्पा, मला हे वाचाय येत न्हाई. नुसतं पाठ येतंय."

"येकच की गं! पाठ आलं म्हंजे आलं."

"अवो, मॅडम नगं म्हणल्या होत्या," नीलम्मानं सांगून बघितलं.

"तू गप. पोरगी मॅडमची हाय का माझी?"

शिबिरात पोरीनं ठोकळे आणि चित्रांची कोडी चटाचटा सोडवली. ती तिला कुणी शिकवली नव्हती. मग उतारा पुढं आला. कागदावर नजर रोवून, पूर्णविरामाला दम घेत, तिनं तो असा म्हटला की तपासणाऱ्या बाईंनी शाबासकी दिली. ते दहा शब्दही तिनं न चुकता लिहिले. बाहेर रांग लागलेली, बाईंना घोटभर पाणी प्यायला फुरसत नाही. त्यांना तरी काय बोल लावायचा?

महिन्यानं अहवाल आला. बुद्ध्यांक एकशे एकवीस! अप्पानं तेवढंच वाचलं. ज्यांना वाचता येतं ते कुठं सगळं वाचतात? त्यानं शंभर प्रती काढल्या, पेढ्यासोबत एकेक वाटली, एक मोठी करून काचेवर डकवली. "येड्यांची तपासणी म्हणत होते न्हवं? घ्या, वाचा आता!"

शिल्पा मॅडम आल्या. काचेवरचं वाचून झालं तरी पेढा त्यांच्या हातातच होता.

"अप्पा, खालच्या ओळी बघितल्या का?"

"खाली काय अन् वर काय, समदं चांगलंच हाय. वर्षे, वाच गं, मॅडमला वाचून दाखव."

पोरीनं अहवाल हातात घेतला. बराच वेळ बघत राहिली. एकदा बापाकडं बघितलं, अन् खणखणीत आवाजात सुरू केलं, "वडाच्या झाडावर बगळ्यांची शाळा भरली होती. सर्वांत लहान बगळा उशिरा आला..."

दोन गिऱ्हाइकं हसली. अप्पाही हसला, अन् मग त्याचं हसू विरलं. बगळ्यांचा हा उतारा त्याला चांगला ठाऊक होता. त्यानं कागद ओढून घेतला अन् पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचला. 'वाचन व लेखन वयानुसार. अध्ययन अक्षमता आढळली नाही. परीक्षेतील सवलतीस पात्र नाही.' हात दाखवून अवलक्षण, दुसरं काय!

"मॅडम, फिरून घ्या म्हणावं की तपासणी."

"लगेच नाही घेत, अप्पा. आणि मी त्यांना काय सांगू? पोरीला उतारा कुठून मिळाला म्हणू?"

अप्पाची नजर खोक्याकडं गेली. खाली बसला तो बसलाच. दहावीच्या पेपरापुढं एकटी बसलेली लेक त्याला दिसायला लागली, अन् डोळे भरून आले. वर्षाराणीला ते बघवेना. ती जवळ आली अन् बापाच्या पाठीवर हात ठेवून म्हणाली,

"अप्पा, कशाला फिकीर करायलाव? दहावीचाबी कागद आपल्याच मशीनवर येईल न्हवं? मी दोन दिसांत पाठ करते."